चाल तीच, शब्द दुसरे

लोकांच्या ओठांवरचे गाणे घ्यायचे, चाल जशीच्या तशी ठेवायची, शब्द तेवढे बदलायचे आणि भरल्या सभेत उभे राहून ते गाऊन दाखवायचे, हा उद्योग फार जुना आहे. मराठीत त्याला विडंबन म्हणतात, उर्दूत पॅरोडी. आमच्या कसब्यात यांपैकी कोणताच शब्द चालत नसे. उरुसात कव्वालीचा मुकाबला रंगात आला, की कव्वाल मंडळी चहापाण्यासाठी थोडा वेळ थांबत. तेवढ्यात मोहल्ल्यातला एखादा धीट पोरगा हार्मोनियमवाल्याच्या कानात चाल सांगून उभा राही. रेडिओवर त्या आठवड्यात गाजणाऱ्या गाण्यावर तो रॉकेलची रांग बसवी, दुष्काळातली रेशनची मिलो ज्वारी बसवी, नाहीतर हुंड्यात सायकल मागणारा नवरदेव बसवी. वडीलधारी माणसे तोंडाला रुमाल लावून हसत. दुसऱ्या दिवशी मूळ गाणे रेडिओवर लागले तरी आम्हांला त्यात रॉकेलच ऐकू येई.

आपल्या लिहित्या मंडळींनी गजलेचा इतिहास लिहिला, शाहिरांवर लिहिले, सूफी संतांवर तर भरपूर लिहिले. हसवणाऱ्यांची नोंद मात्र राहून गेली. हसणे म्हणजे वेळ घालवणे, अशी आपली समजूत. पण सभेत केलेल्या विडंबनाची एक अट असते: मूळ गाणे समोर बसलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवे. म्हणून कोणत्या काळात कोणाला काय पाठ होते, कोण कोणाबरोबर हसत होते आणि कोण कोणाला हसत होते, हे या टाकाऊ मानलेल्या गाण्यांतून जेवढे कळते तेवढे मोठ्या ग्रंथांतूनही कळत नाही.

पॅरोडी हा शब्द ग्रीक. गाण्याच्या शेजारी उभे केलेले गाणे, असा त्याचा अर्थ. अशा रचना करणारा पहिला माणूस म्हणून अरिस्टॉटलने थासोस बेटावरच्या हेगेमॉनचे नाव घेतले आहे. होमरच्या वीरकाव्याच्या गंभीर थाटात हा गृहस्थ भलतेच विषय म्हणून दाखवी. गावच्या लोकांनी आपल्यावर घाण फेकली, हे त्याने स्वतःच्याच ओळींत सांगून ठेवले आहे. इसवी सनापूर्वी ४१३ मध्ये अथेन्सच्या नाट्यगृहात त्याचा राक्षसांच्या युद्धावरचा विनोदी कार्यक्रम चालू असताना सिसिलीत अथेन्सचे सारे सैन्य बुडाल्याची खबर आली. जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी त्या मोहिमेवर गेलेले. तरी कोणी उठले नाही. परगावच्या पाहुण्यांना अश्रू दिसू नयेत म्हणून लोकांनी डोक्यावरून वस्त्रे ओढून घेतली आणि ते रडत बसून राहिले. हेगेमॉनने गप्प व्हायचे ठरवले, पण श्रोते जागचे हलले नाहीत. अथेनिअस नावाच्या लेखकाने काही शतकांनंतर ही हकीकत नोंदवली. एरेट्रिया या ग्रीक नगरातला त्यानंतरच्या शतकातला एक शिलालेखही उपलब्ध आहे. त्यात उत्सवातल्या स्पर्धांची बक्षिसे कोरलेली आहेत. तंतुवाद्यावर गाणाऱ्याला पहिले बक्षीस २०० द्राख्मा, पॅरोडीवाल्याला ५०. हसवणाऱ्याचा मेहनताना तेव्हाही चौथाईच होता म्हणायचा.

आपल्याकडे या कलेची जमीन संगीत नाटकाने तयार केली. जुन्या नाटकांची पुस्तके उघडून पाहा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचा निर्देश छापलेला असतो. कधी लावणी, कधी कानडी पद, कधी ठुमरी नाहीतर गजल. म्हणजे उसन्या चालीत कोणाला लाज वाटत नव्हती. या चाली नाटकांतून घराघरांत गेल्या आणि तिथून गणपतीच्या मेळ्यांत आल्या. मेळ्यांपाशी मात्र आम्हांला थांबावे लागते. पुण्यात तोपर्यंत हिंदू मंडळी मोहरमच्या ताबुतांत मोठ्या संख्येने सामील होत, काहींचे स्वतःचे ताबूतही असत. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत दंगल झाली. १८९४ च्या गणेशोत्सवात पुण्यात मेळे निघाले आणि त्यांतून ताबुतांचा नाद सोडा, अशा अर्थाची पदे गायली गेली. गंमत अशी, की नाचतगात, एकसारखा पोशाख करून जाणारा मेळा हे रूपच मोहरमच्या टोळ्यांवरून उचललेले होते, असे या काळाचे अभ्यासक सांगतात. रूप आमच्या मोहरमचे आणि पदे मोहरम सोडायला सांगणारी! १९२० नंतर हेच हत्यार उलट फिरले. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांचा छत्रपती मेळा ब्राह्मणेतरांच्या बाजूने उभा राहिला आणि सन्मित्र समाज मेळ्याशी त्याची भर रस्त्यात पदांची लढाई जुंपली. तोवर ताबुतांचा विषय मागे पडला होता. ताबुतांपुढची गर्दीही पूर्वीसारखी राहिली नव्हती.

त्याच पुण्यात त्याच दशकात वेगळ्या जातीचे हसू जन्माला आले. १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झाले. रविवारी चहाला जमणाऱ्या या मित्रांनी आधी स्वतःला 'सन टी क्लब' म्हणवून घेतले होते. या मंडळींनी कविता गाऊन दाखवायची प्रथा रूढ केली. यशवंत आणि गिरीश यांचे काव्यगायन ऐकायला लोक जमत. कविता गायली जाऊ लागली, म्हणजे तिचे विडंबनही गाता येऊ लागले. 'केशवकुमार' या नावाने लिहिणाऱ्या प्र. के. अत्रे यांनी ही संधी बरोबर हेरली. त्यांचा 'झेंडूची फुले' हा संग्रह १९२५ चा. त्यातली विडंबने वाचण्याइतकीच म्हणून दाखवण्यासाठी होती. तो सूर, तो हेल, तो भावविवश थांबा, सगळे आले पाहिजे. नुसते छापील वाचणाऱ्याला अर्धेच हसू मिळते.

अत्र्यांच्या नेमावर जे होते, त्यांत माधव ज्युलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, अग्रभागी. हे फारसीचे प्राध्यापक. गजलेची वृत्ते आणि फारसी शब्दांची खैरात त्यांनी मराठी प्रेमकवितेत आणली. योगायोग पाहा: 'झेंडूची फुले' ज्या १९२५ साली आले, त्याच साली पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश निघाला. एकीकडे एक पंडित आपल्या मराठीतले फारसी शब्द जपून मांडत होता, दुसरीकडे त्याच्या कवितेतल्या फारसी डौलावर सभा हसत होत्या. आमच्यातले काही जण या हसण्याला मेळ्यांच्याच पंगतीला बसवतात. आम्हांला ते पटत नाही. अत्र्यांच्या श्रोत्यांना ती गजल ओळखू येत होती. गजलेची नक्कल करण्यापुरती का होईना, गजल कानात होती. शिवाय अत्र्यांच्या सर्वांत गाजलेल्या विनोदी कवितेचे नाव 'प्रेमाचा गुलकंद'. गुल म्हणजे फूल, कंद म्हणजे साखर. हसणाऱ्यांच्या जिभेवरही फारसीच होती!

नुकसान हसण्याने झाले नाही, गांभीर्याने झाले. माधव ज्युलियन पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. १९३३ च्या 'गज्जलांजली'चा हा कवी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितो आणि पुढच्याच वर्षी जग सोडून जातो. कोशकाराने शब्द परत करावेत, आणि विडंबनकाराच्या पुस्तकात ते शिल्लक राहावेत, याला काय म्हणावे? पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्रे आणि बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, एकाच व्यासपीठावर आले. एकाने लोकांना हसवायचे, दुसऱ्याने पेटवायचे. त्या सभांत कोणाचे शब्द कुठून आले, हे कोणी विचारीत बसले नाही.

उर्दूकडे हा प्रवाह लखनौच्या 'अवध पंच'मधून, म्हणजे १८७७ पासून मोजतात. आम्हांला जवळची वाट हैदराबादची. १९५६ पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता. तिथे १९६२ मध्ये 'जिंदा दिलान-ए-हैदराबाद' ही संस्था निघाली, १९६८ मध्ये 'शगूफा' मासिक आले आणि मिजाहिया मुशायऱ्याला हक्काचे घर मिळाले. गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीबांनी दखनीत जे केले, ते आमच्या औरंगाबाद-परभणीच्या लोकांना भाषांतराशिवाय कळत होते. सिनेमातल्या विदूषकाच्या तोंडी हीच बोली आली, की लोक आमच्या बोलीला हसत. खतीबांच्या तोंडी ती आली, की आम्ही आमच्या सासवांना, जावयांना, स्वतःला हसत असू, आणि शेवटच्या कडव्यात डोळे पुसत असू. वऱ्हाडात डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी 'मिर्झा एक्स्प्रेस' गावोगाव नेली, तीही आपल्याच बोलीत. ते विडंबन नव्हे, पण घराणे तेच.

मुशायऱ्यातल्या पॅरोडीची खरी करामत तिच्या मांडणीत आहे. शायर तरन्नुमने गाजलेल्या गजलेची पहिली ओळ जवळजवळ तशीच म्हणतो. रिवाजाप्रमाणे श्रोते मिसरा उचलतात, म्हणजे ती ओळ त्याच्याबरोबर पुन्हा म्हणतात. तो ती दोनदा, तीनदा घोळवतो. सगळा शामियाना इश्काच्या उंचीवर चढला, की दुसरी ओळ गॅसच्या सिलिंडरवर येऊन आदळते. काफिया आणि रदीफ मात्र केसभरही हलता कामा नयेत. हलले, की श्रोते हसत नाहीत, चूक काढतात. हे काम अडाण्याचे नव्हे. मुंबईत सिनेमासाठी 'वह कौन थी' (१९६४) ची काळीज हलवणारी गाणी लिहिणारे राजा मेहदी अली खाँ पॅरोडीतही तेवढेच उस्ताद होते. ज्याला मूळ लिहिता येते, त्यालाच ते बरोबर बिघडवता येते.

१९९३ च्या मे महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी मिजाहिया मुशायरा ठरला होता. आदल्या डिसेंबर-जानेवारीत मुंबई जळाली होती. गावातले बरेच कारागीर खोल्या सोडून परतले होते, काही परतलेच नव्हते. मुशायरा रद्द करावा असे काहींचे मत पडले. शेवटी तो झाला, आणि पुढच्या रांगांत मुंबईहून आलेली मंडळीच बसली. एका वयस्क शायराची एक पॅरोडी आमच्या भागात प्रसिद्ध होती. 'सी. आय. डी.' (१९५६) मधले मजरूह सुलतानपुरींचे, जॉनी वॉकरवर चित्रित झालेले मुंबईवरचे गाणे त्याने घेतले होते. ते गाणेही अमेरिकेतल्या जुन्या 'क्लेमेंटाइन'च्या चालीवर बेतलेले, म्हणजे चाल तिथेही उसनीच. लोकलची गर्दी, खोलीचे डिपॉझिट, सार्वजनिक नळ, असे सगळे त्याने त्यात बसवले होते. लोकांनी फर्माइश केली. त्याने पहिले कडवे म्हटले, हसू आले. मुखड्यावर आला आणि थांबला. कागद घडी करून शेरवानीच्या खिशात ठेवू लागला.

मागून कोणीतरी मुखडा उचलला. मग पुढच्या रांगांनी उचलला. पॅरोडीचा नव्हे, मजरूहचाच, मूळ शब्दांत. शायर माईकपाशी तसाच उभा होता. मुखडा तीनदा झाला. मग नाझिमने पुढच्या शायराचे नाव पुकारले.