प्रार्थना आणि प्रतीक्षा
(पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून)

मंडळाच्या स्मरणिकेत काही लिहावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. पण त्याच सुमारास शेजारच्या काकूंनी मला एक प्रश्न विचारला. माझी धाकटी नणंद आज नऊ वर्षे अंथरुणाला खिळून आहे. आम्ही ख्रिस्ती असल्याने तिच्या उशाशी बसून रोज रात्री प्रार्थना करतो, हे साऱ्या आळीला ठाऊक आहे. काकू मायेनेच म्हणाल्या, "वहिनी, इतकी वर्षे तुम्ही देवाला विनवता, मग अजून गुण कसा येत नाही? तुम्हाला कंटाळा नाही येत?" मला तेव्हा उत्तर सुचले नाही. मागाहून पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा काढून वाचले. त्यात मला जे सापडले ते काकूंसाठी आणि आपणा सर्वांसाठी येथे लिहीत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना वेदविद्या शिकवू नये असा तो काळ, पण शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले व त्या माउलीने रमेला शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. १८७४ च्या पुढच्या वर्षांत दक्षिणेत अन्नान्नदशा झाली. जवळचे होते नव्हते ते संपले. व्रते, उपवास, जप, दान, जे जे शास्त्रात सांगितले ते ते या माणसांनी निष्ठेने केले. शेवटचा तांदळाचा दाणा संपल्यावर अकरा दिवस पाणी आणि झाडपाला यांवर काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. राहिली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. ही दोघे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या.

भगिनींनो, विचार करा. आई-बाप उपाशी मेले, आणि ते देवाला हाक मारीत मेले. अशा मुलीने पुढे देवाचे नावही घेतले नसते तर तिला कोणी दोष दिला असता? तिचा जुना विश्वास त्या वेळी ढळला, हे तिने स्वतःच मोकळेपणाने लिहिले आहे. पण शोध मात्र तिने सोडला नाही.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमेला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० त भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केले. संसार जेमतेम दीड वर्षाचा झाला आणि फेब्रुवारी १८८२ त पटकीने पती गेले. पदरी तान्ही मनोरमा. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, सगळी गेली!

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ त विलायतेस गेल्या. तेथे वाँटेज या गावी २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आता वाटेल की येथे शोध संपला. तसे झाले नाही. त्यांनी आपल्या साक्षीत स्पष्ट लिहिले आहे की ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ज्याच्या नावाचा तो धर्म तो ख्रिस्त मला भेटला नव्हता. मनाची ती शांती मिळायला आणखी आठ वर्षे जावी लागली. त्या आठ वर्षांत त्या हात जोडून बसल्या नाहीत. अमेरिकेस गेल्या, पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या, हे आपणास माहीत असेलच. मनात उजेड नाही म्हणून त्यांनी हातचे काम थांबविले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

शारदासदन पुण्यास आले आणि १८९३ त मोठे वादळ उठले. मुली ख्रिस्ती होतात असा बोभाटा झाला. पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. सल्लागार मंडळातील मोठमोठी माणसे बाजूला झाली. त्यांची बाजूही आपण समजून घ्यावी, कारण आपल्या घरातील मूल परधर्मात जाईल हे भय कोणत्या आईबापांना नसते? पण बाई मात्र एकाकी पडल्या.

आता मुख्य गोष्ट सांगते. १८९६ च्या एप्रिलात लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा मेळावा होता. त्या वेळी बाईंच्या बरोबर विश्वासात आलेल्या पंधरा मुली होत्या. बाईंनी प्रभूजवळ मागणे केले की या पंधरांच्या पंधरापट, म्हणजे २२५ मुली मला दे, आणि तेही पुढल्या मेळाव्याच्या आत. हे मागणे ऐकून कोणीही हसले असते. आहेत त्या मुली टिकवायची मारामार, आणि या मागतात सव्वादोनशे!

उत्तर आले. पण कसे आले? दुष्काळाच्या रूपाने आले! १८९६-९७ त मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आईबाप मेलेल्या पोरी रस्त्यावर पडल्या, आणि त्यांना पळवून नेणारी दुष्ट माणसे टपलेलीच होती. बातमी ऐकून बाईंच्या डोळ्यांपुढे आपली उपाशी आई उभी राहिली. जाण्याचे धैर्य होईना. गाठी पैसा नाही आणि जुन्या जखमा उघड्या पडतात. शेवटी त्या गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर चिंध्या असलेल्या मुली त्यांनी गोळा करून आणल्या. त्या तीनशेंवर भरल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, त्यामुळे नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. पुण्याहून चौतीस मैलांवर, सोलापूरच्या रेल्वेवर, केडगावला बाईंनी आधी जमीन घेऊन फळझाडे लावून ठेवली होती. तेथे झोपड्या उभारून मुलींना ठेवले. हेच पुढे 'मुक्ती' झाले.

मी हे वाचून पुस्तक मिटून बराच वेळ बसले. ज्या दुष्काळाने आईबाप नेले, त्याच दुष्काळाचे दुःख ओळखणारी बाई या मुलींना लाभली. लहानपणी झाडपाला खाताना रमेने जी प्रार्थना केली होती तिचे उत्तर तिला मिळाले नाही. पण वीस वर्षांनी ती स्वतःच दुसऱ्या तीनशे मुलींच्या प्रार्थनेचे उत्तर होऊन गेली. देवाने आईबापांना का वाचविले नाही, हे मला सांगता येत नाही. ते सोसणे वाया गेले नाही, एवढे मात्र दिसते.

१९०० च्या सुमारास गुजरातेतही दुष्काळ पडला आणि मुक्तीतील माणसे दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शिवण, तेलघाणा, शेती, गाईगुरे, छापखाना, आंधळ्या मुलींची शाळा असे सगळे तेथे चाले. रोज इतक्या तोंडांना भाकरी घालायची म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हा चूल पेटविणाऱ्यांना सांगायला नको. चार पाहुणे आले तरी आपण पिठाचा डबा हलवून पाहतो.

१९०५ च्या जानेवारीत बाईंनी आत्मिक जागृतीसाठी प्रार्थना करणाऱ्या बायका मागितल्या. सत्तर पुढे आल्या. रोज पहाटे जमत. एक महिना गेला, दोन गेले, काही दिसेना. तरी माणसे गळाली नाहीत, उलट वाढत गेली. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा प्रार्थनेस बसत. जूनच्या अखेरीस ती जागृती आली आणि तिची वार्ता देशोदेशी गेली. मला जागृतीइतकेच त्या मधल्या पाच महिन्यांचे आश्चर्य वाटते. विरजण लावल्यावर भांडे घडोघडी हलवून पाहणारीचे दही लागत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मनाला ते शिकविणे कठीण!

त्यानंतर बाईंनी साध्याभोळ्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविण्याचे काम घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. कानांनी ऐकू येईनासे झाले होते. तरी पंधराहून अधिक वर्षे हे काम चालले, आणि खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंत सारे मुक्तीच्या बायकांनी केले.

आणि अखेरीस सर्वांत अवघड प्रसंग आला. आपल्यामागे मुक्ती सांभाळायला मनोरमा आहे, हा बाईंचा भरवसा होता. लेकही तशीच गुणी, शिकलेली, कष्टाळू. तिची प्रकृती बिघडली. त्या वेळी मुक्तीत किती प्रार्थना झाल्या असतील! पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. वय अवघे चाळीस. पुढे नऊ महिन्यांतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, बाईही गेल्या. त्या नऊ महिन्यांत त्या शास्त्राची मुद्रिते तपासत होत्या. ते काम संपेपर्यंत आयुष्य दे, एवढेच त्यांनी मागितले आणि काम संपल्यावर त्यांचे प्राण गेले, असे सांगतात. छापलेले संपूर्ण शास्त्र १९२४ त बाहेर पडले. ते त्यांना पाहता आले नाही.

म्हणजे पाहा, मुली मागितल्या त्या मागितल्यापेक्षा जास्त मिळाल्या. लेक मागितली ती मिळाली नाही. दोन्ही वेळी देव तोच होता आणि बाईही त्याच होत्या. विश्वास म्हणजे मागितलेले मिळेलच अशी पावती, असे मी पूर्वी समजत असे. आता तसे वाटत नाही. ज्याच्याजवळ मागितले त्याचा हात न सोडता समोरचे काम करीत राहणे, हाच विश्वास, असे मला या चरित्राने शिकविले. मुक्ती आजही केडगावी उभी आहे आणि निराधार बायका-मुलींना आसरा देते आहे.

काकू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देते. कंटाळा येतो हो! कधी कधी प्रार्थनेचे शब्दही सुचत नाहीत. पण सकाळ झाली की नणंदेची वेणी घालायची असते, तिला कुशीवर वळवायचे असते, पेज भरवायची असते. नऊ वर्षांत तिच्या अंगाला एकही जखम झालेली नाही. आणि गेल्या पावसाळ्यात मी तापाने पडले तेव्हा पंधरा दिवस तिला पेज कोणी भरवली? तुम्हीच ना? मला वाटते, आमच्या प्रार्थनेचे थोडेसे उत्तर तुमच्याच पायांनी चालत आमच्या घरी आले. उरलेल्याची आम्ही वाट पाहत आहोत.