कंधार परगण्यांतील धंदे : मिळकत, डौल आणि समाधान

कंधारचा किल्ला पाहावयास जाणाऱ्या मनुष्याच्या नजरेंत प्रथम भरतो तो त्याचा खंदक. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) याच्या नांवाशीं ह्या किल्ल्याची उभारणी जोडली जाते, आणि गांवाजवळचा जगत्तुंग समुद्र हा विस्तीर्ण तलावही त्याच राजवंशाची आठवण देतो. राजांचीं बिरुदें शिलालेखांतून वाचावयास मिळतात. परंतु खंदक खणणाऱ्या, दगड घडविणाऱ्या आणि चुना मळणाऱ्या माणसांच्या पदरांत सायंकाळीं काय पडलें, हें त्या बिरुदांवरून कळत नाहीं. इतिहासाची ही बाजू शोधावयाची तर किल्ल्याच्या तटावरून खालीं उतरून गांवच्या खळ्यावर यावें लागतें, आणि खळ्यावरून पुढें सरकारी कचेरींत.

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी" ही म्हण श्रोत्यांपैकीं बहुतेकांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेली असेल. त्याच वडिलांनी मुलाला मात्र चाकरीसाठींच शाळेंत घातलें, हेंही पुष्कळांच्या अनुभवाचें असेल. ही म्हण कोणत्या तागडींत तोलून केली? मिळकतीच्या, बाहेर दिसणाऱ्या डौलाच्या, कीं मनाच्या समाधानाच्या? ह्या तीन गोष्टी एकाच घरांत क्वचितच नांदल्या आहेत, आणि कंधार परगण्याचा इतिहास त्याची साक्ष चांगली देतो.

जुन्या काळीं ह्या भागांतील बहुसंख्य कारागिरांस महिना म्हणून मिळत नसे, रोजही मिळत नसे. मिळे तें बलुतें. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव, महार, मांग हे गांवचीं कामें वर्षभर करीत आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर येऊन आपला वांटा धान्याच्या रूपानें घेऊन जात. बाराही बलुत्यांचा वांटा सारखा नसे. त्यांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी मानीत, आणि कोण कोणत्या ओळींत हें प्रांतोप्रांतीं बदले. तरी ज्याच्यावांचून नांगर चालत नाहीं तो सुतार बहुधा थोरल्या ओळींतच असे. १९१५ सालीं त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गांवगाडा' लिहून ही सारी व्यवस्था गुणदोषांसह मांडली. तिच्याकडे केवळ कौतुकानें पाहणाऱ्यांनी तें पुस्तक अवश्य उघडावें.

ह्या मिळकतीचा एक विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. धान्याच्या रूपानें मिळणारी मजुरी महागाईला भीत नाहीं. जोंधळा महाग झाला तरी सुताराच्या कणगींतील जोंधळा तेवढाच राहतो. रोख रोजावर पोट भरणाऱ्या मजुरास ही सोय नव्हती. परंतु पीकच बुडालें म्हणजे खळें रिकामें, आणि खळें रिकामें म्हणजे बलुतेंही रिकामें. १६३० ते १६३२ ह्या सालांत दक्षिणेंत आणि गुजराथेंत भयंकर दुष्काळ पडला. त्याच दुष्काळांत, १६३१ सालीं, मोगल सरदार नसीरीखान यानें कंधारचा किल्ला घेतला. किल्ला कोणी घेतला हें बखरकारांस महत्त्वाचें. कुंभारास त्या वर्षीं मडकें घेणारेंच कोणी उरलें नसेल.

रोख मजुरीचे जुने आंकडे पाहावयाचे तर उत्तरेकडे वळावें लागतें. अबुल फजलानें 'आइने अकबरी'त बांधकामावरील लोकांचे रोज दिले आहेत. पहिल्या प्रतीच्या सुतारास ७ दाम, पांचव्या प्रतीच्या सुतारास २ दाम, आणि ४० दामांचा एक रुपया. म्हणजे एकाच धंद्यांत उत्तम हात आणि साधा हात यांत साडेतीनपट अंतर. आतां दुसरें टोंक पाहा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ मध्यें, पेशव्यांचें वेतन सालीना १५,००० होन आणि अमात्यांचें १२,००० होन ठरलेलें होतें. देशही निराळे आणि कालही निराळे, तेव्हां हे आंकडे एकमेकांस भागून उत्तर काढणें शहाणपणाचें नव्हे. तरी शिखर आणि पायथा यांतील उंची किती होती याचा अदमास त्यांवरून यावयास हरकत नाहीं.

मिळकत आणि डौल यांचें नातें मात्र वाटतें तितकें सरळ नव्हतें. सतराव्या शतकांत बर्निये हा फ्रेंच वैद्य मोगल राज्यांत बरींच वर्षें होता. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं येथील धनिक मनुष्य अधिकाऱ्यांच्या भीतीनें गरिबीचें सोंग घेतो आणि सोनेंनाणें जमिनींत पुरून ठेवितो. मराठवाड्यांतील जुन्या वाण्यासावकारांची राहणी ज्यांनी पाहिली, त्यांस ह्या वर्णनाचें नवल वाटणार नाहीं. दुकान अंधारें, बैठक मळकी, अंगावर जाडेंभरडें धोतर; पण निम्म्या गांवचे शेतकरी त्याच्या वहींत. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, तेव्हां त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या कर्जरोख्यांवर होता. खरी संपत्ति कोठें आहे हें त्यांस नेमकें ठाऊक होतें.

उलट पाटील-देशमुखांची संपत्ति दिसण्यासाठींच असे. पांढऱ्या मातीची गढी, दारांत घोडा, ओसरीवर पांचपंचवीस माणसें. कित्येक गढ्यांचा पाया मात्र वाण्याकडे गहाण! साध्या कुणब्याची ऐपत त्याच्या गोठ्यावरून कळे. ह्या प्रांताच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें लाल कंधारी जनावर, गडद तांबड्या रंगाचें, मध्यम बांध्याचें आणि कामास चिवट, हीच त्याची तिजोरी, आणि पोळ्याचा सण हा त्या तिजोरीच्या प्रदर्शनाचा दिवस. पूर्वीं कंधार तालुक्यांत असलेल्या आणि आज लोहा तालुक्यांत मोडणाऱ्या माळेगांवीं मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. बैल, घोडे, गाढवें, उंट असा सारा बाजार तेथें लागतो, आणि वैदू, घिसाडी, गोसावी, जोशी अशा भटक्या जमाती तेथें जमत आल्या आहेत. घिसाडी हा लोहारासारखेंच लोखंडाचें काम करी, पण गांवच्या बलुत्यांत त्याला जागा नव्हती. त्याची मजुरी रोख, तीही काम होतांच हातांत. त्याचें सगळें घर एका गाडींत मावे. गांवचा लोहार त्याच्यापेक्षां सुखी होता काय? पोटाच्या खात्रीनें होता. कोणाचा ताबेदार नसण्याच्या बाबतींत घिसाडीच वरचढ.

आतां समाधानाकडे वळूं. वतनाच्या जुन्या कागदांतून एक गोष्ट वारंवार दिसते. पाटिलकीचा अर्धा हिस्सा विकला जाई तेव्हां खरेदीखतांत जमिनीबरोबर मानपानाची तपशीलवार वांटणी लिहीत : पोळ्याला कोणाचा बैल पुढें, होळीची पोळी प्रथम कोणाची, विडा आणि टिळा आधीं कोणाला. ह्या मानासाठीं घराणीं पिढ्यान्‌पिढ्या भांडलीं, आणि वतनाच्या उत्पन्नाहून जास्त पैसा त्या भांडणांत घालविला. हिशेबाच्या दृष्टीनें हा वेडेपणा खरा. परंतु मनुष्य आपल्या कामांत काय शोधतो हें समजून घ्यावयाचें असेल, तर ह्या कागदांइतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाहीं.

ही मानाची वांटणी सर्वांस पोंचत होती असें मात्र कोणी समजूं नये. महारांस बिदरच्या बादशहानें बावन्न हक्क दिले अशी परंपरा आहे, आणि बिदर कंधारपासून दूर नाहीं. पण त्या हक्कांच्या बदल्यांत दिवसरात्र केव्हांही हांक आली कीं उठावयाचें, सरकारी टपाल पोंचवावयाचें, मेलेलें गुरूं ओढावयाचें. काम अमर्याद, वांटा अल्प, आणि मानाच्या जागीं विटाळ. १९२८ च्या मार्च महिन्यांत डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणलें, तेव्हां पुष्कळांस प्रश्न पडला कीं वतनासारखी पिढीजात गोष्ट हे लोक सोडावयास कां निघाले! ज्या मजुरीनें मनुष्य गांवाशीं बांधला जातो आणि तरी माणसांत धरला जात नाहीं, ती मजुरी सोडणें हाच लाभ, हें त्याचें उत्तर होतें. हिंदु कुटुंबांत राबणाऱ्या दासीचीही स्थिति फार निराळी नव्हती. संत जनाबाई ह्याच मुलखाशेजारच्या गंगाखेडची. दळणकांडण करीत तिचें आयुष्य गेलें. तिला आपल्या कामांत समाधान सांपडलें, पण तें विठ्ठलानें दिलें. धन्यानें दिलें असें म्हणण्यास आधार नाहीं.

पगार ह्या वस्तूची खरी ओळख कंधारास झाली ती निजामाच्या राज्यांत, आणि तीही उशिरां. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैदराबाद दरबारचा पगार थकलेला असणें हाच नियम होता. अरब आणि रोहिले जमादार आपल्या थकबाकीपोटीं आणि कर्जापोटीं मुलूखच दाबून बसत. 'तालुकदार' याचा अर्थ तेव्हां वसुलीचा मक्तेदार असा होता : सरकारास ठराविक रक्कम द्यावयाची आणि रयतेकडून निघेल तितकें काढावयाचें. कंटिंजंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ सालीं निजामाला वऱ्हाड, धाराशीव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यांत द्यावे लागले; त्यांपैकीं धाराशीव आणि रायचूर १८६० सालीं परत मिळाले. शिपायाचा पगार वेळेवर न दिल्यानें प्रांत जातो, असा धडा त्या दरबारानें घेतला. त्याच १८५३ सालीं पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी मक्ते मोडीत काढले, १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, आणि तालुकदार हा ठराविक पगाराचा अंमलदार बनला. नांव तेंच राहिलें, धंदा पालटला.

येथपासून चाकरीचें दैव उघडलें. पगार थोडा असो, पण पहिल्या तारखेस येणारा. पाऊस पडो वा न पडो. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या कुणब्यास ह्याचा हेवा वाटूं लागला तर त्यांत आश्चर्य तें काय? मात्र ही चाकरी सर्वांस खुली नव्हती. १८८० नंतरच्या दशकांत फारसीची जागा उर्दूनें घेतली, आणि १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतही शिक्षणाचें माध्यम उर्दूच ठेविलें. मराठी शाळेंत शिकलेल्या मुलास कचेरीचें दार अर्धेंच उघडें. शिवाय नाण्याचाही भेद होता. निजामी राज्याचा हाली रुपया आणि इंग्रजी राज्याचा कलदार यांचा भाव सुमारें सात हालीस सहा कलदार असा असे, त्यामुळें सोलापुराकडे किंवा मुंबईस नोकरी करणाऱ्याचा महिना आंकड्यांत सारखा दिसला तरी मोलांत अधिक भरे. लग्नाच्या बैठकींत "पगार हाली कीं कलदार?" हा प्रश्न पुसणारे वधूपिते चाणाक्षच म्हणावयाचे.

१९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यांतील लोहमार्ग नांदेडावरून गेला, आणि पुढें तेथें उस्मानशाही कापडगिरणी उभी राहिली. कोष्ट्याला किंवा भूमिहीन मजुराला आपल्या जिल्ह्यांतच भोंग्याबरहुकूम काम आणि महिन्याचा पगार मिळूं लागला. त्याच वेळीं खेड्यांत सालगडी गुढीपाडव्याच्या दिवशीं वर्षभराची बोली करीत होता : इतकें धान्य, इतके रुपये, एक घोंगडी, एक पायताण. आगाऊ उचललेलें कर्ज फिटेपर्यंत धनी बदलतां येत नसे. ही वेठ इतकी माजली होती कीं निजाम सरकारला १९३६ सालीं भगेला करारांस आळा घालणारा कायदा करावा लागला.

मिळकत आणि समाधान यांची फारकत अगदीं उघड दिसावी असा एक धंदा त्या काळीं होता, तो खाजगी राष्ट्रीय शाळांतील शिक्षकाचा. १९२१ सालीं हिप्परगें येथें अशी शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तेथें आणि नंतर अंबाजोगाईस शिक्षक होते. ह्या शाळांतून वेतन जेमतेम, आणि सरकारचा डोळा सदैव वर. त्याच काळीं हैदराबादेंत वकिली हा भरभराटीचा धंदा होता, आणि ह्यांतील कित्येकांस तो सहज साधला असता. १९३८ च्या सत्याग्रहांत ह्याच शाळांतून गुरु आणि शिष्य बाहेर पडले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली, १९४९ सालीं जहागिऱ्या गेल्या, १९५० सालीं कुळकायदा आला, आणि १९५९ सालीं हाली रुपयाही बाद झाला. गढ्यांची पांढरी माती पावसानें वाहूं लागली. म्हणीचा क्रम उलटला : आज कंधार-मुखेडाच्या बाजूस उपवर मुलीचा बाप प्रथम नोकरी विचारतो, मग दुकान, आणि शेती विचारतो ती नोकरीला जोड आहे काय एवढ्यापुरती. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामावर कुणबी, बलुतेदार आणि कालचे वतनदार एका रांगेंत बसले. त्यांतूनच रोजगार हमीची योजना वाढीस लागून १९७७ सालीं तिचा कायदा झाला.

बालाघाटाच्या ह्या कोरडवाहू टापूंतून दिवाळीच्या आगेंमागें ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या गाड्या अजून निघतात. मुकादम आधीं उचल देतो आणि हंगामभर ती तोडून फेडावयाची असते. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. मोळी बांधते ती आणि डोक्यावर घेऊन गाडीशीं नेते तीही बाईच. हिशेब मात्र बहुधा नवऱ्याच्या नांवानें होतो. चैत्राच्या सुमारास माणसें परत येतात. उचल फिटली असेल तर दारांत एखादें तांबडें वासरूं बांधलें जातें. नाहीं तर मुकादमाच्या वहींत पुढल्या सालाची ओळ चढते.