बालहत्या प्रतिबंधक गृह

१. बालहत्या प्रतिबंधक गृह : ग्रंथकर्त्याने येथे केवळ नामनिर्देश केलेली ही संस्था जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात स्थापिली. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास सरकारदरबारी मान्यता मिळाली होती खरी. परंतु ब्राह्मणादी जातींत ती वाट रूढीने बंदच राहिल्यामुळे, फसविल्या गेलेल्या गर्भवती विधवेपुढे आत्मघात, गर्भपात अथवा नवजात अर्भकाचा अंत यांखेरीज मार्ग उरत नसे, आणि कृत्य उघडकीस आल्यास फौजदारीचा सारा भार तिच्या एकटीच्या शिरावर पडून संबंधित पुरुष नामानिराळा राही. अशा स्त्रियांनी येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, आणि मूल बरोबर न्यावे की येथेच ठेवावे हे आपल्या खुषीने ठरवावे, अशा आशयाच्या जाहिराती तेव्हा लावण्यात आल्या होत्या. येथे आलेल्या काशीबाई नामक ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. याच हेतूने १८७५ साली पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने दुसरे आश्रयस्थान उघडले गेले. अपराध घडल्यावर शिक्षा फर्मावण्यापेक्षा अपराधास भाग पाडणारी निराधार अवस्थाच नाहीशी करावी, हे समाजकल्याणाचे आद्य तत्त्व कोणत्याही सरकारी खात्याची वाट न पाहता एका गृहस्थ दांपत्याने आचरणात आणिले, ही गोष्ट या विषयाच्या नवाभ्यासकाने विशेषत्वाने ध्यानी घ्यावी. — संपादक