एक डोलकाठी, एक शीड

गोराईच्या खाडीत आज दिसणाऱ्या मासेमारी होड्या इंजिनावर चालतात. इंजिने येण्यापूर्वी आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांना पुढे झुकलेली एक डोलकाठी असे. तिच्यावर लांब तिरका वासा आणि त्याला बांधलेले मोठे तिकोनी शीड. शीड एकच, पण ते एकट्याचे काम नव्हे. वारा दुसऱ्या बाजूने घ्यायचा झाला, की तो जड वासा डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यावा लागे. त्याला चार हात हवेतच.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मच्छीमारांनी एकोणिसाव्या शतकात वेगळी मांडणी रूढ केली. डोलकाठी अगदी नाळेजवळ रोवायची आणि शीड संपूर्णपणे तिच्या मागे ठेवायचे. दिशा बदलताना शीड दारासारखे आपोआप पलीकडे वळते. एकटा माणूस सुकाणूही धरू शकतो आणि जाळेही. या मांडणीला ‘कॅट-रिग’ म्हणतात.

सोय झाली, पण भार कुठे गेला? टेबलाच्या कडेवर पट्टी दाबून धरा आणि तिचे मोकळे टोक वाकवा. पट्टी सर्वांत जास्त ताणली जाते ती कडेपाशी. दोरांचा आधार नसलेल्या डोलकाठीचे तसेच होते. सारा ताण ती डेकमधून आत शिरते तिथे येतो, आणि नौका नेमकी तिथेच अरुंद असते. फळ्या जोडून केलेल्या लाकडी नौकेत अशा ताणाने सांधे ढिले होऊन पाणी झिरपू लागते. काचतंतू आणि रेझिनच्या कवचाला सांधेच नसतात. शिवाय ताण असेल तिथे थर वाढवता येतात.

कॅनडातील हिंटरहोलर कंपनीने १९७८ मध्ये मार्क एलिस यांच्या आराखड्यावरून ‘नॉनसच ३०’ ही सुमारे ३० फुटी प्रवासी नौका काढली. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड, आणि दोरांशिवाय उभी असलेली ॲल्युमिनियमची डोलकाठी. वाऱ्याचा झोत आला की ही काठी टोकाकडे थोडी वाकते, शीड वरून सैल पडते आणि जादा वारा निसटून जातो. मला हा या आराखड्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. अशा पाचशेहून अधिक नौका तयार झाल्या.

हा आकडा महत्त्वाचा आहे. फायबरग्लासची नौका साच्यात घडते. त्यासाठी आधी पूर्ण आकाराची प्रतिकृती, मग तिच्यावरून साचा, मग नौका. एका नौकेसाठी एवढा खटाटोप कोण करील?

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्यापुढे हाच प्रश्न होता. भारतीय नौदलासाठी त्यांनी २००९ मध्ये ५६ फुटी ‘म्हादेई’ पूर्ण केली. आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी स्टाट यांचा. ही कॅट-रिग नव्हे. हिच्या डोलकाठीच्या पुढेही शीड आहे आणि काठीला दोरांचा आधार आहे. पण एकट्याने हाताळायची अट तीच. दांडेकरांनी सीडार लाकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून नौकेचा आकार उभा केला आणि त्यावर काचतंतू व इपॉक्सी चढवले. म्हणजे लाकूडच साचा झाले, आणि ते आतच राहिले. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये, थांबे घेत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता.

२०१७ मध्ये दांडेकरांनी त्याच आराखड्यावरून ‘तारिणी’ बांधली. तिच्याही पोटात लाकूडच आहे.