परक्या आतड्याचे विरजण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरातले विरजण संपले की आपण वाटी घेऊन शेजारी जातो. चमचाभर दही कोमट दुधात घातले की सकाळी पातेलेभर दही तयार. मुदखेडपासून मुंबईपर्यंत घरोघरी चालणारी ही रीत. आजची गोष्टही विरजणाचीच आहे. मात्र ते एका माणसाच्या आतड्यातून दुसऱ्याच्या आतड्यात घातले जाते.

ऐकायला किळसवाणी वाटणारी ही कल्पना फार जुनी आहे. चौथ्या शतकात चीनमधील वैद्य गे होंग यांनी विषबाधा व तीव्र जुलाबांवर निरोगी माणसाचा मळ पाण्यात कालवून देण्याचा उपाय लिहून ठेवला. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरचे शल्यचिकित्सक बेन आइसमन यांनी आतड्याला गंभीर सूज आलेल्या चार रुग्णांना अशाच द्रावाचा एनिमा दिला आणि चौघेही बरे झाले. पुढे प्रतिजैविकांच्या दिमाखात हा उपाय मागे पडला. २०१३ साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी वारंवार उलटणाऱ्या जुलाबांवर त्याची रीतसर चाचणी घेतली. नेहमीच्या औषधापेक्षा तो इतका सरस ठरला, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

आता याचा दारूशी संबंध काय? दारूने आतड्यातील उपकारक जिवाणू घटतात आणि आतड्याचे अस्तर झिरपू लागते. जिवाणूंची विषे रक्तावाटे थेट यकृतात पोचतात. आधीच सुजलेले यकृत आणखी पेटते. कावीळ होते, पोटात पाणी भरते. अशा वेळी स्टेरॉइड देतात. पण जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव असेल तर तेही देता येत नाही. उरतो तो यकृतरोपणाचा मार्ग, आणि तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला कुठून परवडणार?

हा पेच सोडवण्याचा महत्त्वाचा प्रयत्न आपल्याच देशात झाला. दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेत डॉ. शिवकुमार सरीन, डॉ. सिरियक ॲबी फिलिप्स व सहकाऱ्यांनी स्टेरॉइड देता न येणाऱ्या आठ रुग्णांना नाकातून घातलेल्या नळीवाटे सात दिवस निरोगी दात्याच्या मळाचा गाळलेला द्राव दिला. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर आठांपैकी सात जण जिवंत होते. आधीच्या तशाच रुग्णांपैकी जेमतेम एकतृतीयांश वाचले होते. आठ हा आकडा लहान खरा. म्हणून त्याच संस्थेने १२० रुग्णांवर स्टेरॉइडशी तुलना केली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नव्वद दिवसांनी जिवाणूरोपण झालेले ७५ टक्के, तर स्टेरॉइड घेतलेले सुमारे ५७ टक्के रुग्ण हयात होते.

तरीही सावध राहायला हवे. २०१९ साली अमेरिकेत दात्याच्या मळातील औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूमुळे एक रुग्ण दगावला. त्यामुळे दात्याची कसून तपासणी हवीच. हा घरी करण्याचा उपाय नव्हे, आणि यकृताच्या आजारावर तो अजून सर्रास दिलाही जात नाही.

आणखी एक गोष्ट. रुग्णाने दारू पुन्हा धरली, तर बाहेरून आणलेले हे जिवाणूही त्याच दारूत सापडणार. म्हणून डोळे पिवळे दिसताच जिल्हा रुग्णालय गाठावे, आणि माणूस घरी परतल्यावर त्याची बाटली सुटावी म्हणून घरादाराने त्याच्या पाठीशी उभे राहावे.