तळं कुणाच्या मालकीचं?

आमच्या वस्तीच्या तोंडाशी पत्र्याचा बोर्ड आहे. ‘ही जागा खाजगी मालकीची आहे. आत शिरणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ भाईंदरची खाडीकडची बाजू, पलीकडे मिठागरं. बोर्डाच्या आतल्या मोकळ्या जागेत आम्ही दरवर्षी जयंतीचा मंडप घालतो. यंदा एक माणूस आला, म्हणाला, मंडप घातलात तर कोर्टाची नोटीस येईल.

पोरं भडकली. बोर्ड उखडून खाडीत टाकायचा, असं ठरलं. खोटं कशाला बोलू, पहिला आवाज माझाच होता. मिलमधून रात्रपाळी करून आलेलो, डोकं तापलेलं. तेव्हा वस्तीतले म्हातारे काका म्हणाले, “उखडशील रे. पण मालकीचा कागद दाखव, असं त्याला विचारलंस का? महाडला काय झालं ते ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे की. बाबासाहेब तळ्याचं पाणी प्याले.”

“आणि त्याच्यापुढची दहा वर्षं?”

मी गप्प बसलो. माझी आजी महाड तालुक्यातली, तरी ती दहा वर्षं मला माहीत नव्हती. मग शोधून वाचलं. जे वाचलं ते मित्रांनो, तुमच्यापुढे ठेवतो.

1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ठराव आणला. सरकारी पैशानं बांधलेली, चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली करा. ठराव पास झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं आपलं झालं, पण ओंजळभर पाणी कुणी घेऊ शकला नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं गेली आणि पाणी प्याली. मग डोकी फुटली. तळं बाटलं म्हणून 108 घागरी पाणी उपसून पंचगव्य ओतलं, मंत्र म्हटले. इथपर्यंत आपण भाषणात सांगतो आणि थांबतो.

पुढे काय झालं? ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. आता सवर्णांनी चाल बदलली. काठी ठेवली आणि वकील गाठला. 12 डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा पडला. प्रतिवादी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. दाव्यात काय? तळं खाजगी मालकीचं आहे, निदान फक्त स्पृश्यांच्या वहिवाटीचं आहे, अस्पृश्यांना तिथं जायचा हक्क नाही.

बघा हं. मार्चमध्ये म्हणत होते, तुम्ही बाटवता. डिसेंबरात म्हणू लागले, तुम्ही दुसऱ्याच्या मालकीत घुसता. विटाळ हा शब्द इंग्रजाच्या कोर्टात तोकडा पडणार, हे त्यांना कळत होतं. म्हणून विटाळालाच मालकीचा सदरा घातला. आत तेच अंग.

14 डिसेंबरला मनाई हुकूम निघाला. 25 तारखेला परिषद भरली. तिच्या मंडपाला कुणी हिंदू जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमानानं आपली जागा दिली, दडपण आलं तरी मागे घेतली नाही. म्हणजे ज्या जागेवर मनुस्मृती जळली, ती जागाही आपली नव्हती. मंडपासाठी जागा नसणं हे भाईंदरला सुरू झालेलं नाही.

हजारो माणसं जमलेली, तुरुंगात जायला तयार. समोर कोर्टाचा हुकूम. आणि 27 डिसेंबरला बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून गेली, पाण्याला कुणी हात लावला नाही.

हे वाचून मला राग आला, लपवत नाही. घरदार सोडून, भाकरी बांधून आलेली माणसं कोरड्या ओठांनी परत? पण बाबासाहेबांचा हिशेब होता. भांडण सवर्णांशी आहे, त्यात सरकारलाही शत्रू करून घ्यायचं नाही. आणि दावा त्यांनी आणलाय, तर मालकी त्यांनीच शाबीत करावी.

ते शाबीत करू शकले नाहीत. फेब्रुवारी 1928 मध्ये मनाई उठली. 8 जून 1931 ला महाडच्या कोर्टानं दावा फेटाळला. अपील आपल्या ठाण्याच्या कोर्टात आलं, तेही जानेवारी 1933 मध्ये फेटाळलं गेलं. मग हायकोर्ट. 17 मार्च 1937 ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. तळं नगरपालिकेचं, आणि अस्पृश्यांना बंदी अनादी काळापासून होती हे शाबीत झालेलं नाही. पाणी प्याल्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते.

पण निकाल नीट वाचा. अस्पृश्यता अन्याय आहे म्हणून आपण जिंकलो, असं त्यात नाही. वादींचा पुरावा कमी पडला म्हणून जिंकलो. त्यांच्याकडे मालकीचा एक पक्का कागद असता तर? इतकी माणसं चालून गेली, रक्त सांडलं, आणि शेवटी सगळं एका कागदावर येऊन थांबलं. मला ह्याची भीती वाटते, आणि तुम्हालाही वाटायला हवी.

बाबासाहेबांना ती पुरती ठाऊक असणार. संविधानाचं कलम 17 अस्पृश्यता नष्ट करतं, ते आपल्याला पाठ आहे. कलम 15 चा दुसरा भाग उघडून बघा. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांची नावं घेऊन तिथं जातीवरून अडवायला मनाई आहे. कुठली तळी? राज्याच्या पैशानं पूर्णपणे किंवा अंशतः चालणारी, किंवा सर्व जनतेसाठी ठेवलेली. ‘अंशतः’ हा शब्द वाचताना मला महाड दिसतं.

आता आमचा बोर्ड. आमची जागा म्हणजे चवदार तळं नव्हे. कदाचित त्या माणसाकडे खरा कागद असेलही. तसं निघालं तर मंडपाला दुसरी जागा शोधावी लागेल, आणि फत्तेखान दरवेळी भेटतोच असं नाही. पण नुसत्या पत्र्यावरच्या रंगाला आम्ही मालक म्हणणार नाही. सातबाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे अर्ज दिलाय. आमच्यातल्या दोघांना दिवाणी कोर्टाची भाषा शिकायला बसवलंय: वादी, वहिवाट, ताबा, मनाई. मीही बसतो. पाळी संपल्यावर डोळे मिटतात, तरी बसतो.

बोर्ड अजून उभाच आहे. परवा काकांनी विचारलं, “उखडला नाहीस?”

म्हटलं, “काका, आधी उतारा येऊ दे.”

जय भीम.