रिकामी ठेवलेली खाच

संगणकाचा इतिहास कुणी सांगायला बसलं की तो बहुधा वेगाचा इतिहास होतो. आधी खोलीएवढं यंत्र होतं, मग टेबलावर आलं, मग खिशात गेलं. आधी इतकी गणितं करायचं, आता त्याच्या कोटीपट करतं, वगैरे. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. वेगाचं गणित माझ्या आवाक्यातलं नाही. मला आज संगणकातल्या एका रिकाम्या जागेविषयी बोलायचं आहे. यंत्र बनवणाऱ्यानं दुसऱ्या कुणासाठी तरी मुद्दाम सोडलेली जागा, म्हणजे खाच. या खाचेशी आपल्या मराठीचं जवळचं नातं आहे, म्हणून हा विषय.

सुरुवात १९७६ सालापासून करू. त्या वर्षी अमेरिकेत मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीनं 'किम-१' नावाचा संगणक विकायला आणला. किंमत २४५ डॉलर. त्याला डबा नव्हता, पडदा नव्हता. एक उघडा बोर्ड, त्यावर तेवीस कळा आणि आकडे दाखवणारे सहा दिवे. स्मरणशक्ती जेमतेम एक किलोबाइटच्या वर. आजच्या हिशेबानं त्यात मराठीची चारशे चिन्हंही मावणार नाहीत. पण या बोर्डाच्या कडेला दोन जोडपट्ट्या होत्या. एक बाहेरची कामं जोडायला, दुसरी यंत्राचा विस्तार करायला. बनवणाऱ्यानं जणू कबूलच केलं होतं की माझं काम इथवर, पुढचं तुमचं. त्याच वर्षी आलेला अ‍ॅपलचा पहिला संगणकही असाच उघडा बोर्ड होता. कीबोर्ड, पडदा आणि डबा ज्याचा त्यानं आणायचा.

१९८१ साली आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. त्यात जोड-कार्डं बसवायला पाच खाचा होत्या, आणि आतल्या जोडणीचे नकाशे कंपनीनं पुस्तकात छापून विकले. कुणीही वाचावं आणि त्या खाचेत बसेल असं कार्ड बनवावं. पुढे जगभर छोट्या-मोठ्या कारखान्यांनी तेच केलं.

कोल्हापूरकराला यात नवल वाटू नये. यंत्र खोलून, समजून घेऊन, आपल्या हातानं नवं बनवायची खोड या गावाला जुनी आहे. बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले. परदेशी सिनेमा-कॅमेऱ्याची रचना समजून घेऊन त्यांनी दामले यांच्यासारख्या शिष्याच्या साथीनं १९१८ साली इथंच कॅमेरा तयार केला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. उद्यमनगरात आजही एखादा सुटा भाग बाजारात मिळत नसेल, तर तो नमुन्यावरून करून देणारा मिस्त्री सापडतो. यंत्र उघडता येतं, एवढा विश्वास मात्र त्याला लागतो.

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयं सुरू झाली. कोल्हापूरचं केआयटी त्याच वर्षीचं. माझे काही मित्र पुढे अशा महाविद्यालयांत आणि पॉलिटेक्निकमध्ये गेले. तिथं '८०८५' या चिपचे किट असत. सोळा अंकचिन्हांची कळफळी, आकड्यांचे दिवे, आणि शेजारी चपट्या पट्टीच्या वायरनं जोडायची वेगवेगळी कार्डं. एका कार्डावर चौकातले लाल-पिवळे-हिरवे सिग्नल, दुसऱ्यावर छोटी मोटर, तिसऱ्यावर लिफ्टचे मजले. वहीत आज्ञा लिहायच्या, त्यांचे आकडे काढायचे, एकेक आकडा कळांवर टिपायचा, आणि दिवे पाळीपाळीनं लागले की टाळी द्यायची. वीज गेली की सगळं पुसलं जायचं, पुन्हा पहिल्यापासून. पण मित्रांच्या बोलण्यात एक रुबाब असायचा, की आतून कसं चालतं ते आम्हाला ठाऊक आहे. किट आणि त्याला जोडायचं कार्ड, या जोडीनं आपल्याकडच्या एका पिढीला संगणक आतून दाखवला.

आता मराठीकडे वळतो. त्या काळात संगणकाला देवनागरी येत नव्हती. पडद्यावर इंग्रजी अक्षर एका ठरलेल्या चौकटीत बसतं. आपलं अक्षर चौकटीत राहत नाही. त्याला वर मात्रा आहे, खाली उकार आहे, डावीकडे ऱ्हस्व वेलांटी आहे, आणि दोन व्यंजनं एकमेकांच्या गळ्यात पडली की जोडाक्षर होतं. शिशाचे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांनी हा त्रास शंभर वर्षं सोसला होता. तोच प्रश्न आता विजेच्या यंत्रापुढे आला.

कानपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकात यावर काम झालं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिथं आलं. 'जिस्ट' हे त्याचं नाव. त्यातून तयार झालं एक कार्ड, आयबीएमच्या पीसीमधल्या रिकाम्या खाचेत बसणारं. संगणक तोच, वर्डस्टार किंवा डीबेससारखे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रामही तेच. प्रोग्रामला वाटायचं आपण नेहमीची चिन्हं हाताळतो आहोत, आणि कार्ड त्यांची देवनागरी करून पडद्यावर काढायचं. गंमत अशी की, ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या सगळ्या लिप्यांना एकच संकेत दिलेला होता. 'क' या ध्वनीचा आकडा एक. एक कळ दाबली की तोच मजकूर कन्नडमध्ये दिसे. सीमाभागाच्या उंबऱ्यावर राहणाऱ्या आम्हा लोकांना यातलं मोल वेगळं सांगायला नको. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या उर्दूची व्यवस्था मात्र निराळी करावी लागली.

हा संकेत 'इस्की' या नावानं १९९१ साली भारतीय मानक झाला. त्याच्या १९८८च्या मसुद्यातला वर्णांचा क्रम पुढे जागतिक युनिकोडनं देवनागरीसाठी घेतला. आज आपण फोनवर 'जेवलास का' असं मराठीत लिहून पाठवतो, त्यामागे हा सगळा खटाटोप आहे. पीसीत ती खाच नसती, किंवा तिचे नकाशे कुलपात असते, तर पुण्याच्या माणसांना परक्या कंपनीच्या दारात उभं राहून, आमची भाषाही घ्या हो, अशी विनवणी करावी लागली असती.

नंतर यंत्रं बंद होत गेली. संगणक मांडीवर आला, फोन झाला. दोन्ही सुंदर, पातळ, चकचकीत. पण बॅटरी बदलायची तरी दुकान गाठायचं. मिस्त्रीच्या पोराच्या हातात फोन आला, पण फोनच्या आत त्याचा हात शिरेना. वापरणारे वाढले आणि उघडून पाहणारे कमी झाले.

ही चिंता इंग्लंडातही होती. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या घटते आहे आणि येणाऱ्यांना आधीच्या पिढीइतकी यंत्राची ओळख नाही, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुन्हा उघडा बोर्ड करायचं ठरवलं. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' विक्रीला आला. पत्त्याच्या पानाएवढा बोर्ड, किंमत ३५ डॉलर. काही हजार खपतील या अंदाजानं सुरुवात झालेल्या या बोर्डांचा खप पुढे सहा कोटींच्या वर गेला. २०१५ साली तर त्याचा एक छोटा भाऊ इंग्रजी मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट दिला गेला. अंकाबरोबर दिनदर्शिका मिळते, तसा संगणक.

२०१४ साली बोर्डावरच्या पिना सव्वीसच्या चाळीस झाल्या आणि जोड-बोर्डांसाठी नियम ठरला. नाव 'हॅट', म्हणजे डोक्यावर बसणारी टोपी. तिचा आकार ठरलेला, स्क्रूची भोकं ठरलेली. शिवाय तिच्यावर एक छोटी स्मृतिचिप हवी, जिच्यात ती टोपी कोण, कुणी बनवली आणि कुठली पिन कशाला वापरते हे लिहिलेलं असतं. संगणक सुरू होताना ते वाचतो. नव्या पाहुण्यानं दारातच नाव-गाव सांगावं, तशी ही रीत.

माझी भाची पॉलिटेक्निकला आहे. तिच्यामुळे असा एक जोड आमच्या घरी आला: रास्पबेरी पाय आणि त्यावर 'सेन्स हॅट'. या टोपीवर तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजायची सोय आहे, आणि आठ बाय आठ असे चौसष्ट रंगीत दिवे आहेत. अशाच दोन जोड्या डिसेंबर २०१५मध्ये अंतराळस्थानकावर गेल्या आणि ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्राम त्यांनी तिथं चालवले.

बसवण्याचं काम कुणालाही जमेल असं आहे. आधी दुसऱ्या संगणकावरून मेमरी कार्डावर प्रणाली उतरवून घ्यायची. बोर्डाला वीज नसताना चार कोपऱ्यांना छोटे खांब लावायचे, चाळीसही पिना सरळ पाहून टोपी अलगद दाबायची, मग स्क्रू. मग कार्ड, पडदा, कीबोर्ड, आणि शेवटी पाच व्होल्टचा पुरवठा. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: माहितीच्या पिना सव्वातीन व्होल्टच्या आसपास चालतात, त्यांना पाच व्होल्ट लावले की बोर्ड संपला. बाकी पायथॉन भाषेतल्या चार ओळी लिहिल्या की दाबाचा आकडा पडद्यावर येतो. आमच्याकडे तो साडेनऊशे मिलिबारच्या आसपास असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, म्हणून तो रत्नागिरीपेक्षा कमी. तापमान मात्र खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण खालच्या चिपेची ऊब टोपीला लागते. जगाचा ताप मोजताना आपलाच ताप त्यात मिसळतो. कवींना हा अनुभव नवा नाही.

पुढे अडलं ते अक्षरांपाशी. दिव्यांवर मजकूर सरकवायची तयार आज्ञा आहे, पण तिच्यासोबतच्या वर्णमालेत रोमन अक्षरं आहेत, देवनागरी नाही. भाचीला 'कोल्हापूर' लिहायचं होतं. तिनं चौकटींच्या वहीत हिशेब मांडला. आठ ओळी. वरच्या मात्रेला दोन, शिरोरेघेला एक, खालच्या ऊकाराला दोन. उरल्या तीन. तीन ओळींत 'ल्हा' कसा काढणार?

"मामू, शिरोरेघ काढून टाकली तर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "काढ की. घाईत लिहिणारे हातानं लिहिताना काढतच नाहीत. गुजरातीनं तर ती कायमची सोडली."

मग मात्रा आणि ऊकार एकेका ओळीत कोंबले, अक्षराला सहा ओळी मिळाल्या, आणि दोन संध्याकाळी खपून तिनं चौसष्ट दिव्यांवरून 'कोल्हापूर' सरकवून दाखवलं. ओबडधोबड, पण वाचता येणारं. जिस्ट कार्डवाल्यांनी जी अडचण सोडवली, तिच्याशी आमच्या घरची मुलगी चौकटींच्या वहीवर झगडली. कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण बोर्डही उघडा होता आणि त्यावरच्या अक्षरांची यादीही.

मराठी भाषेतही अशा खाचा आहेत. कागद, कलम, शाई, दप्तर, वकील, जमीन हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि तिच्यात असे बसले की सांधा दिसत नाही. भाषेनं जागा सोडली म्हणून ते आले, आणि ते आले म्हणून भाषा वाढली. माझ्यासारखा माणूस मराठीत कविता लिहितो तोही याच जागेच्या भरवशावर.

२०१६पासून देशभरातल्या हजारो शाळांना सरकारी मदतीतून 'अटल टिंकरिंग लॅब' मिळाल्या. उघडे बोर्ड, सेन्सर, दिवे आज कितीतरी शाळांत आहेत. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच, की ते मुलांच्या हाती द्या, आणि बसवायच्या सूचना मराठीत लिहून भिंतीवर लावा. ज्या मुलाचं इंग्रजी कच्चं आणि हात पक्का आहे, त्याला पहिल्या पानावरच परत पाठवू नका. एखादा बोर्ड जळेलही. त्याची किंमत एका चांगल्या चपलेच्या जोडाइतकी धरा आणि दुसरा आणा.

भाचीनं आता पूर्ण बाराखडी करायला घेतली आहे. 'ळ' अजून जमलेला नाही. त्याची दोन वेटोळी सहा ओळींत बसत नाहीत. तिनं वहीतली ती चौकट कोरी ठेवली आहे आणि वही मैत्रिणींकडे फिरते आहे. कुणाला जमलं तर तिनं भरावी.